नळीखालचा नंबर

आमच्या बुलढाणा जिल्ह्यात ज्याच्या घरी जुनी बंदूक आहे, त्याच्या आजोबाला ती इंग्रज साहेबानेच दिलेली असते. याला अपवाद मला आजवर भेटलेला नाही. साहेब शिकारीला आला, वाघ त्याच्या अंगावर धावला, आजोबांनी वाघाला लोळवलं आणि साहेबाने खूश होऊन स्वतःच्या खांद्यावरची बंदूक काढून आजोबांच्या हातात दिली. गाव बदलतं, वाघाचा कधी बिबट्या होतो, पण साहेब तोच. एवढ्या बंदुका वाटल्यावर त्याला स्वतःसाठी एखादी तरी उरली की नाही, याची मला खरंच काळजी वाटते.

बंदुकीचं वय सांगणं हे माझं वेड आहे. प्रत्येक कंपनी बंदुकीवर चढत्या क्रमाने नंबर ठोकते. कोणत्या साली कंपनी कोणत्या नंबरापर्यंत पोचली होती, याचे जुने तक्ते हौशी लोकांनी जपून ठेवलेले आहेत. नळीवर तपासणीचे ठसे असतात, तेही काळाप्रमाणे बदलत गेले. हे सगळं जुळवलं की दोन-तीन वर्षं इकडेतिकडे, पण बंदूक कधीची ते कळतं. त्यात बहुतेक साहेब खोटे पडतात. एका बड्या बागाईतदाराची बंदूक स्वातंत्र्यानंतर चांगली पंधरा-वीस वर्षांनी बनलेली निघाली. मी म्हटलं, तेव्हा तुमचा साहेब विलायतेत पेन्शन खात बसला असणार. ते गृहस्थ वर्षभर माझ्याशी बोलले नाहीत. मला त्याचं काहीही वाटलं नाही. उलट कुणाची थाप पकडली की मला दिवसभर बरं वाटायचं. थापा मला झटकन ओळखू येतात असा माझा समज होता.

हे वेड लागलं जिल्हाधिकारी कार्यालयातल्या नोकरीमुळे. शस्त्र परवान्यांच्या जुन्या पुस्तिका संगणकावर चढवायच्या होत्या, त्या कामावर मी कंत्राटी म्हणून लागले आणि पुढे त्याच टेबलाला चिकटले. दिवसभर नाव, गाव, बंदुकीचा प्रकार, नंबर. वेड लागू नये म्हणून मी नंबरांकडे नीट बघायला लागले. त्या दिवसांत पोलिसांच्या बंदुका दुरुस्त करण्यात आयुष्य घालवलेले एक निवृत्त गृहस्थ कागदपत्रांसाठी ऑफिसात खेटे घालत होते. त्यांचं काम होत नव्हतं, माझं संपत नव्हतं. मग ते माझ्यासमोर खुर्ची ओढून बसायचे आणि मला शिकवायचे.

त्यांनी शिकवलेली पहिली गोष्ट ही. मधून मोडून काडतूस भरायची जी साधी बंदूक असते, ती तीन तुकड्यांत सुटते: घोडा आणि दस्त्याचा मागचा भाग, म्हणजे बॉडी, मग नळी, आणि नळीखाली डाव्या हाताने धरायचं पुढचं लाकूड. कारखान्यात हे तिन्ही तुकडे एकमेकांसाठी घासून बसवतात, म्हणून तिन्हींवर तोच नंबर ठोकतात. परवान्यावर मात्र बॉडीवरचा नंबर येतो, कारण तो वरून दिसतो. नळीवरचा पुढच्या लाकडाखाली झाकलेला असतो.

"मॅडम, सगळ्यांले वाटते बंदुकीले एकच नंबर असते," ते म्हणायचे. "मालकाले तसं वाटते, तपासनाऱ्याले बी तसंच वाटते. लाकूड काढून कोनीच पाहत नाई."

खरंच कुणी पाहत नाही. नळीला वेगळा नंबर असतो हे माहीत असलेला शेतकरी मला आजपर्यंत भेटलेला नाही. माझ्या वडिलांनाही ते माहीत नव्हतं.

आमचं गाव सोनाळा. मागे सातपुडा, पुढे शेतं आणि मधे रानडुकरं. मक्यात किंवा भुईमुगात डुकरांचा कळप एकदा शिरला की सकाळी शेत ओळखू येत नाही. त्यामुळे पीक राखण्यासाठी काही जणांना बंदुकीचा परवाना होता. त्यात माझे बाबा एक आणि बाबांचे दोस्त दुसरे. हे दोस्त नात्याने आमचे कुणी नव्हते, पण मी त्यांना काका म्हणायचे आणि सख्ख्या काकांपेक्षा जास्त मानायचे. दोघे एका वर्गात शिकले, एकदमच नापास झाले आणि एकदमच शेतीला लागले. काकांच्या घरी त्यांच्या आजोबांपासूनची एकनळी बंदूक होती. साहेबाचीच, अर्थात. बाबांना परवाना मिळाला तेव्हा त्यांनी मुद्दाम त्याच कंपनीची, त्याच बनावटीची बंदूक शोधून घेतली. ती पुष्कळ नंतरची होती, पण शेजारी ठेवल्या तर दोन्ही सारख्याच दिसायच्या. दोघांनी एकमेकांची नावं परवान्यावर मदतनीस म्हणून घालून घेतली होती. म्हणजे एक आजारी असेल तर दुसऱ्याने त्याची बंदूक ठाण्यातून आणावी, न्यावी, वापरावी.

ठाण्याचा संबंध निवडणुकीमुळे. निवडणूक लागली की गावातल्या सगळ्या बंदुका ठाण्यात जमा करायच्या, निकालानंतर परत आणायच्या. जमा करण्याच्या आदल्या दिवशी आमच्या अंगणात एक कार्यक्रम व्हायचा. बाबा बंदूक पुसून मांडीवर घ्यायचे, मी परवाना उघडून नंबर वाचायचे आणि ते बॉडीवर बोट फिरवत ताडून बघायचे. पाच, नऊ, शून्य, चार, सात. बाबा मुद्दाम म्हणायचे, "ऐकू नाई आलं, पुन्हा वाच." मी ओरडून वाचायचे. शाळेतले पाढे मी विसरले, हा नंबर नाही विसरले.

मी चौथीत होते त्या वर्षी पावसाळ्यात निवडणूक आली. बंदुका दोन-तीन महिने ठाण्यात राहिल्या. परत आणायच्या वेळी बाबा तापाने फणफणले होते, म्हणून काका दोन्ही बंदुका घेऊन आले. आमची त्यांनी खुंटीला टांगली, बाबांच्या कपाळाला हात लावून बघितला आणि मला खिशातून शेंगदाण्याची चिक्की काढून दिली.

त्यानंतर पंधरा-वीस दिवसांनी मी ते केलं. आमच्या घरात कुंभारीण माशीचा सुळसुळाट होता. कुलपाचं भोक असो की बासरी असो, जिथे पोकळी दिसेल तिथे ती मातीचं घर करायची. ती खुंटीवरच्या बंदुकीभोवती घोंगावताना मला दिसली. आता ही बाबांच्या नळीत माती भरणार, असं वाटून मी पाटावर चढले आणि आईच्या जुन्या निळ्या लुगड्याची चिंधी गोळा करून नळीच्या तोंडात कोंबली. बोटाने चांगली आत ढकलली. मोठं शहाणपणाचं काम केलं म्हणून खूश झाले, आणि मग खेळायला गेले ती विसरून गेले.

दोन दिवसांनी भल्या पहाटे बाबा बंदूक घेऊन शेतात गेले. मक्यात डुकरं शिरली होती. उजाडता उजाडता काका जीप घेऊन आमच्या दारावरून गेले. मागे बाबा आडवे होते आणि त्यांचा डावा हात कुणाच्या तरी धोतरात गुंडाळला होता. बार करताना नळी मधेच फुटली होती. दोन बोटं जागेवर गेली, अंगठा पुढे कधी वळला नाही, आणि डाव्या कानाने त्यांना आजही नीट ऐकू येत नाही.

अकोल्याच्या दवाखान्यात आई आत होती आणि मी बाहेर बाकावर. मोठी माणसं बोलत होती, नळीत काहीतरी अडकलं असणार, त्याशिवाय नळी फुटत नाही. काय अडकलं होतं ते मला एकटीला माहीत होतं. काका शेजारी येऊन बसले तेव्हा मला राहवलं नाही. मी त्यांना सगळं सांगितलं. कुंभारीण माशी, चिंधी, पाट, सगळं.

काका बराच वेळ माझ्याकडे बघत राहिले. मग त्यांनी माझं डोकं छातीशी धरलं.

"कोनाले सांगू नको बेटा," ते म्हणाले. "बाबाले तं बिलकुलच नाई. हे आपल्या दोघातच राहू दे."

मी मान डोलावून हाव म्हटलं. त्या क्षणी जगात त्यांच्याइतकं चांगलं माणूस दुसरं नव्हतं.

चौकशी झाली. नळी न बघता बार केला, निष्काळजीपणा, असा शेरा बसला. परवाना रद्द झाला आणि बंदूक फुटक्या नळीसकट सरकारजमा झाली. गावाने शेरा याहून सोप्या भाषेत मारला. बाबांच्या मागे लोक म्हणायचे, बंदूक धरता येत नाही त्याने धरू नये. बाबा ऐकून घ्यायचे. आधी ते चारचौघांत हमरीतुमरीवर येणारे, आवाज चढवून बोलणारे गृहस्थ होते. नंतर ते प्रत्येक गोष्ट दोनदा तपासायला लागले. कुलूप लावलं की नाही, चूल विझवली की नाही, मोटार बंद केली की नाही. रस्त्यातून परत यायचे आणि बघून जायचे. ते परत फिरले की दर वेळी मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं, कारण त्यांची काहीच चूक नव्हती, चूक माझी होती. मला कधी त्यांच्या डाव्या हाताकडे बघून जेवता आलं नाही. मी त्यांच्या पंगतीला बसणंच सोडलं. आईला वाटायचं पोरगी लाजाळू झाली.

या सगळ्या वर्षांत काकांनी मला सांभाळलं. मला शिकायला बुलढाण्याला ठेवा असं बाबांच्या मागे लागून त्यांनीच मनवलं. हुरड्याच्या दिवसांत एसटीच्या कंडक्टरकडे माझ्यासाठी पिशवी द्यायचे. माझ्या लग्नात बाबांपेक्षा जास्त ते धावले आणि जास्त रडलेही. मला दोन बाप आहेत असं मी मैत्रिणींना सांगायचे. बाबांसमोर मी चोरासारखी वावरायचे, काकांसमोर मोकळी व्हायचे. त्यांना माझं सगळ्यात वाईट माहीत होतं आणि तरी ते माझ्यावर माया करत होते. आईलाही मी माझं ते गुपित कधी सांगितलं नाही, आणि ती गेली. तिच्या तेराव्याला मी काकांच्या खांद्यावर डोकं ठेवून म्हणाले, आता तरी बाबांना सांगू का? ते म्हणाले, "आता कायले त्याच्या जखमेवर मीठ चोयते? राहू दे." मी राहू दिलं.

गेल्या हिवाळ्यात मी दोन दिवसांची रजा काढून सोनाळ्याला गेले. काकांनी बोलावलं होतं. वय झालं, आता परवाना मुलाच्या नावावर करून द्यायचा, त्याआधी एकदा बंदुकीची जन्मतारीख काढून दे, असा त्यांचा हट्ट. "साऱ्या जिल्ह्याच्या सायबाले तू खोटं पाडून राह्यली," ते फोनवर म्हणाले होते. "माह्यावाला सायब खरा हाय, पाहजो तू."

सकाळी दहाची वेळ. ओट्यावर सतरंजी टाकली होती. काकांनी बंदूक माझ्यासमोर ठेवली आणि सगळं घर भोवती बसलं. मी बॉडीवरचा नंबर भिंगातून वाचला, परवान्याशी ताडला, मोबाइलमधला तक्ता उघडला. नंबर खरोखरच स्वातंत्र्याच्या बराच आधीचा होता. मी तसं सांगितलं आणि ओट्यावर टाळ्या पडल्या. काका लहान पोरासारखे हसत होते. मलाही मनापासून आनंद झाला. इतक्या खोट्या साहेबांनंतर एक खरा निघाला, आणि तो माझ्या काकांचा.

आणखी पक्कं करावं म्हणून मी तपासणीचे ठसे बघायचं ठरवलं. ते नळीच्या खालच्या बाजूला असतात. मी पुढच्या लाकडाची खीळ दाबून लाकूड काढलं आणि नळी उलटी केली.

पहिल्यांदा ठसाच खटकला. तो नंतरच्या काळातला होता. नळी बंदुकीपेक्षा वीसेक वर्षांनी तरुण होती. असं होतं कधी कधी, जुनी नळी गेली की माणसं दुसरी बसवतात. मी विचारणारच होते की नळी कधी बदलली. तेवढ्यात ठशाच्या शेजारचा नंबर दिसला. पाच, नऊ, शून्य, चार, सात.

मी तो दोनदा वाचला. भिंग पुसून तिसऱ्यांदा वाचला. बाबांच्या बंदुकीची नळी माझ्या मांडीवर होती, धडधाकट, तेल लावलेली, आतून काचेसारखी स्वच्छ. मग बाबांच्या हातात जी फुटली ती कुणाची होती?

मी काकांकडे पाहिलं. ते अजून हसत होते. नळीखाली नंबर असतो हे त्यांना माहीतच नव्हतं. मी लाकूड परत बसवलं आणि म्हणाले, बाकीच्यांनी जरा आत जा, मला काकांशी बोलायचंय. घरच्यांना वाटलं परवान्याचं काहीतरी असेल. ते आत गेले.

"काका, हे नळी बाबाची हाय," मी म्हणाले.

हसू त्यांच्या चेहऱ्यावर तसंच राहून गेलं होतं, त्यांना ते काढता येईना.

"नंबर हाय हिच्यावर. बाबाचा. मले पाठ हाय थो."

"नळीले नंबर असते?" त्यांनी विचारलं. पहिला प्रश्न हा. मला वाटतं, बाकी सगळं मी कधीतरी माफ केलं असतं, पण हा प्रश्न मला कायम ऐकू येत राहील.

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. त्या वर्षी बंदुका जमा करण्याआधी काकांची नळी बैलगाडीच्या चाकाखाली येऊन चेपली होती. त्यांनी ती लोहाराकडून ठोकून गोल करून घेतली, वरून कानस मारून पॉलिश केली. दिसायला ठीक दिसत होती, पण त्यांना तिची भीती बसली होती. ठाण्यातून दोन्ही बंदुका आणताना वाटेत एका झाडाखाली बसून त्यांनी नळ्या बदलल्या. बनावट एकच असल्यामुळे थोड्या ठोकून त्या बसल्याही.

"अन् बाबाचा काय इचार केला तुम्ही?"

"तुहा बाप कुठी बार उडवे?" ते म्हणाले. "वर्सातून एखांद्या वक्ती. मले वाटलं, थो तं फटाके फोडूनच डुकरं हाकलते. नवी नळी मिळाली का बदलून टाकीन चुपचाप, असं मनात होतं. इमानानं सांगतो."

"अन् मी? दवाखान्यात मी सांगतलं तुम्हाले. मी चौथीत होती, काका."

ते खाली बघून म्हणाले, "तू थे चिंधीचं सांगतलं, अन् मले वाटलं देवानंच वाट काढून देल्ली. चिंधीनं बी फुटू शकते ना नळी. मंग मलेच तसं वाटाले लागलं. चिंधीच असन."

"चौकशीत नळी न पाहता बार केला, असं कोनं सांगतलं होतं?"

उत्तर मला आधीच कळलं होतं. माझी चिंधी त्यांनी माझं नाव न घेता जबाबात वापरली होती. स्वतःच्या अंगावरचं त्यांनी बाबांच्या अंगावर ढकललं, आणि ते तिथे टिकून राहावं म्हणून मला पहाऱ्याला बसवलं. तीस-पस्तीस वर्षं मी इमानाने पहारा दिला.

मी उठले तेव्हा त्यांनी माझा हात धरला. डोळ्यांत पाणी होतं.

"बाबाले सांगू नको बेटा. या वयात त्याले सोसनार नाई. हे आपल्या दोघातच राहू दे."

तोच आवाज आणि तेच शब्द. मला इतका संताप आला की कानशिलं तापली. मी हात झटकला आणि घराकडे निघाले.

बाबा अंगणात बाजेवर बसून तुरीच्या शेंगा सोलत होते. उजव्या हाताने सोलायचं, डाव्याने नुसतं दाबून धरायचं. मी त्यांच्यासमोर खाली बसले आणि आधी माझं सांगितलं. बाकीचं नंतर सांगायचं ठरवलं होतं. माझा गुन्हा आधी कबूल केल्याशिवाय मला दुसऱ्याचा सांगता येईना. ऐकू यावं म्हणून मी त्यांच्या उजव्या बाजूला सरकले आणि जवळजवळ ओरडतच सांगितलं, की बाबा, तुमच्या नळीत मी चिंधी कोंबली होती.

बाबांनी शेंग खाली ठेवली.

"निळ्या लुगड्याची?"

मी मान डोलावली.

"थे तं मी काढली होती," ते म्हणाले. "त्या दिवशी निघायच्या आंधीच. नळीतून कंदील पाहल्याशिवाय मी कधी काडतूस घालत नव्हतो. चिंधी निंगाली तं मी हासलो बी. कुंभारनीसाठी कोंबली असन पोरीनं, म्हटलं. तुह्या मायले दाखोली, थे बी हासली."

मी त्यांच्या गुडघ्यावर डोकं ठेवून रडले. लहानपणी रडायचं राहून गेलं होतं ते सगळं रडले. इतकी वर्षं हा माणूस माझ्यापासून एका प्रश्नाच्या अंतरावर बसलेला होता. मी एकदा तोंड उघडलं असतं तर त्यांनी हे एवढंच सांगितलं असतं आणि मी जेवायला त्यांच्या शेजारी बसले असते. आणि मी विचारू नये याची व्यवस्था ज्याने केली, त्याच्या खांद्यावर मी आईच्या तेराव्याला डोकं ठेवलं होतं.

मग नळीचं सांगितलं. बाबा ऐकत राहिले. मधे एकदाच म्हणाले, "परत आली तवा आतून खडबडीत वाटली होती मले. म्हटलं, ठान्यात पावसाची ओल धरली असन. मले वाटलं मीच नीट नाई पाह्यलं." आणि पुन्हा थोड्या वेळाने, "म्हंजे मी पाह्यलं होतं. बराबर पाह्यलं होतं मी." हे ते स्वतःशीच तीन-चारदा म्हणाले.

"चिंधीचं तू त्याले कवा सांगतलं?" त्यांनी विचारलं.

"दवाखान्यात. त्याच दिवशी."

बाबांनी सुपातल्या शेंगा बाजूला सारल्या आणि त्या दिवशी पुन्हा हातात घेतल्या नाहीत.

दुसऱ्या दिवशी सकाळी काका आले. रोज सकाळी ते चहाला आमच्याकडे यायचे, बाबांची बोटं गेल्यानंतर एकही दिवस त्यांनी चुकवला नव्हता. ते येणार नाहीत असं मला वाटलं होतं. ते आले आणि अंगणात उभे राहिले. त्यांना बाबा एरवी लांबूनच हाक मारायचे, अबे ये ना बे. त्या दिवशी हाक आली नाही.

"बोल ना काही," काका म्हणाले. "शिव्या दे मले."

"हाताचं मले काही नाई," बाबा म्हणाले. "हात माह्याच दोस्तापायी गेला, गेला. पन पोर माही माह्या समोर जेवाले बसत नव्हती. तुले माहीत होतं थे काऊन. तू रोज इथं बसून चहा पेला."

काका रडायला लागले. म्हातारा माणूस रडताना बघवत नाही, हे खरं आहे, पण मी बघितलं. त्यांनी हात जोडले. "चुकलो मी. मले माफ कर."

"मले नोको मागू," बाबांनी माझ्याकडे बोट केलं. "तिले माग."

काका माझ्याकडे वळले. हात अजून जोडलेलेच होते. याच हातांनी हुरडा बांधून दिला होता, माझ्या अक्षता टाकल्या होत्या. त्यातलं किती मायेने केलं आणि किती माझं तोंड बंद राहावं म्हणून, हे मला कधीच कळणार नाही. कदाचित त्यांनाही कळत नसेल. ते म्हणाले, "बेटा, माफ करशीन ना मले?"

आयुष्यात या माणसाने मला जे जे सांगितलं, त्याला मी हाव म्हणत आले होते. बाबा माझ्याकडे बघत होते.

मी नाही म्हणाले.